आबासाहेबांच्या मोटारीचा पंचनामा

कोर्टात वकिलाचा दिवस काम करण्यात कमी आणि पुकाऱ्याची वाट बघण्यात जास्त जातो. हात रिकामे असले तरी वकिलाचं तोंड रिकामं बसत नाही. म्हणून आमच्या वाशीमच्या बाररूममध्ये खटल्यांपेक्षा किस्से जास्त साचलेले असायचे. खटल्याचा निदान कधीतरी निकाल लागतो. किश्श्याला नुसत्या तारखा पडत जातात, दर तारखेला एखादा साक्षीदार वाढतो, आणि मूळ फिर्यादी कोण होता हे शेवटी कोणालाच आठवत नाही. मी सांगतोय ते किस्से मात्र माझ्या डोळ्यांदेखतचे आहेत. त्यातल्या एकात तर मी स्वतः आरोपी आहे.

मी सनद घेऊन वाशीमला आलो तो दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी. माझे सीनिअर आबासाहेब. आडनाव सांगत नाही, कारण त्यांची नातवंडंही वकील आहेत आणि त्यांना माझा पत्ता माहीत आहे. आबासाहेबांचा एकच मंत्र होता: "लिहून ठेवलं नाही, ते घडलंच नाही." या मंत्रावर त्यांनी निम्म्या तालुक्याचे दावे जिंकले होते, आणि उरलेल्या निम्म्याला रडवलं होतं. अशा माणसानं एक जुनी मोटार विकत घेतली.

*

मोटार सेकंडहँड. बदली होऊन जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून घेतलेली, कापडी टपाची, हँडल मारून सुरू होणारी. घेतल्याबरोबर आबासाहेबांनी ती रीतसर सर्व्हिसिंगसाठी अकोल्याच्या एका वर्कशॉपात पाठवली. आठ दिवसांनी गाडी परत मिळाली, सोबत लांबलचक पावती: सर्व भाग तपासले, साफ केले, जागच्या जागी बसवले.

पातूरचा घाट चढताना बॉनेटमधून धूर निघायला लागला. धुराला वासही होता, आणि वास चांगला होता. आबासाहेबांनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं, तर इंजिनावर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि एक कांदा. कोणा मिस्त्रीनं जेवण गरम राहावं म्हणून ठेवलं असेल आणि विसरला असेल. भाकरी चांगल्या खरपूस झाल्या होत्या.

आबासाहेबांनी खिशातून पावती काढली, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात भाकरीचा उल्लेख नाही."

त्या दिवसापासून त्यांनी त्या मोटारीच्या पोटात दुसऱ्या कोणाचा हात जाऊ दिला नाही. सगळं स्वतः करायचं ठरवलं, वयाच्या पन्नाशीत.

*

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. ती आबासाहेबांनी कायद्याच्या पुस्तकासारखी वाचली. कुठे 'करावे' आहे आणि कुठे 'करता येईल' आहे, हे लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं. दर हजार मैलांनी इंजिनातलं तेल बदलावे, असं त्यात होतं. 'बदलता येईल' नाही, 'बदलावे'. मैल मोजायचं यंत्र बंद होतं, म्हणून ते गावांची अंतरं जोडून मैल काढायचे. रिसोडला गेले की इतके, आसेगावला गेले की इतके.

एकदा सबजज्जसाहेबांसमोर आबासाहेब उभे राहिले आणि पुढची तारीख मागितली.

साहेबांनी विचारलं, "कारण?"

"माझे साक्षीदार आसेगावला आहेत. त्यांना आणायला मोटार लागते. आणि मोटारीचे हजार मैल काल संध्याकाळी पुरे झाले. आज तेल बदलल्याशिवाय ती हलवणं नियमाला धरून होणार नाही."

साहेब मिस्किल होते. त्यांनी अर्जावर शेरा मारला: 'वकिलांची मोटार आजारी. तारीख मंजूर.'

पुढच्या तारखेला विरुद्ध बाजूचे वकील गोविंदराव उठले. आबासाहेबांच्याच वयाचे, आणि आबासाहेबांना कुठे कसं टोचावं हे अचूक माहीत असलेले. म्हणाले, "तारीख तेल बदलायला घेतली होती. तेल खरोखर बदललं, याला पुरावा काय?"

आबासाहेबांनी सवयीनं फाइलीत हात घातला. माझ्या आठवणीत त्यांच्याजवळ कागद नव्हता असा तो पहिलाच प्रसंग. साहेबांनी हसून विषय सोडून दिला, पण आबासाहेबांनी सोडला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, मला सांगितलं.

*

त्यानंतर मोटारीचा प्रत्येक लहानमोठा उपचार रीतसर पंचनामा करून होऊ लागला. दोन पंच, त्यांच्यासमोर काम, खाली सही नाहीतर अंगठा. मी ज्युनिअर, तेव्हा लिहून घ्यायचं काम माझं. मजकूर साधारण असा असायचा: 'आम्ही खाली सही करणार पंच आज रोजी आबासाहेब वकील यांच्या परसात हजर असता, मोटारीच्या पोटाखालचा नट आमच्या समक्ष काढण्यात आला. आतून जळके काळे तेल निघाले. नवीन तेल डब्याचे सील आमच्या समक्ष फोडून भरण्यात आले. मोटारीने हरकत घेतली नाही.' शेवटचं वाक्य माझं होतं. आबासाहेबांनी ते खोडलं.

काढलेला प्रत्येक जुना भाग सुतळीनं बांधून, चिठ्ठी लावून, घासलेटच्या रिकाम्या डब्यात मुद्देमाल म्हणून जमा व्हायचा. झिजलेले प्लग, तुटलेले पट्टे, सगळं.

काकूंची तक्रार एवढीच होती, की आबासाहेब हे सगळं धोतर नेसून करतात. त्या म्हणायच्या, "मोटार आली तेव्हापासून आमच्या घरात पांढरं फक्त मीठ राहिलंय."

पंच मिळवणं सोपं होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर महादू नावाचा एक गृहस्थ बसलेला असायचा. पंच होणं हाच त्याचा धंदा. पोलिसांना पंच लागला की महादू, बेलिफाला लागला की महादू. एक कप चहा आणि दोन विड्या, की अंगठा हजर. एका सकाळी तो आला आणि आल्याआल्या शाई मागू लागला.

"अंगठा आधीच लावून ठेवतो साहेब, मले बजारात जाचं हाय."

"अरे, अजून नट काढला नाही."

"तुमी काढसान ना?"

"काढीन."

"मंग?"

 आबासाहेबांनी त्याला नट निघेपर्यंत बसवून ठेवला. महादू परसातल्या निंबाला टेकून झोपला आणि काम आटोपल्यावर अंगठा लावून गेला.

*

असे सत्तेचाळीस पंचनामे झाले. मग आबासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ते कोणाला सांगत नव्हते, पण गाडी चालवणाऱ्याचे डोळे लपत नाहीत.

रिसोडच्या रस्त्यावर एका दुपारी त्यांनी गाडी थांबवली आणि हॉर्न द्यायला लागले. मी शेजारी बसलो होतो. बराच वेळ हॉर्न वाजला. आबासाहेब चिडून म्हणाले, "काय माणूस आहे. ढिम्म हलत नाही."

मी म्हणालो, "आबासाहेब, तो मैलाचा दगड आहे."

त्यांनी हॉर्नवरचा हात काढला. गाडी बाजूला घेतली, मला चालवायला दिली, आणि घरी आल्यावर स्वतःविरुद्ध पंचनामा लिहायला लावला: 'चालकाची नजर अधू झाल्याचे आढळून आले.' पंच म्हणून सही माझी. मी पेन खाली ठेवलं, तेव्हा ते म्हणाले, "जे पाहिलंस ते लिही."

मुलाकडे अमरावतीला कायमचं जायचं ठरलं. होळीच्या आत घर रिकामं करायचं होतं आणि मोटार विकायची होती. अकोल्याला जुन्या मोटारी घेणारा एक शेठ होता. तो गाड्या चालवायला घेत नसे. फोडायचा, आणि भाग सुटे करून उतारू वाहणाऱ्या सर्व्हिस मोटारवाल्यांना विकायचा. आबासाहेबांनी मला बजावून ठेवलं, "त्याला द्यायची नाही. चालवणाऱ्याला द्यायची. मी हिला कसं ठेवलंय, ते ज्याला पटेल त्याला."

मला वाटलं, सत्तेचाळीस पंचनामे आहेत, अवघड काय आहे त्यात?

*

पहिलं गिऱ्हाईक केनवडकडचे एक देशमुख. गाडी घ्यायला आले ते स्वतःच्या दोन बैलांच्या दमणीत बसून, आणि सोबत किसन नावाचा बैलांचा पारखी. किसननं जन्मभर बाजारात बैल पारखले होते, आणि जनावर ते जनावर या न्यायानं तो मोटारीकडे वळला. चारी बाजूंनी फिरला. मडगार्डवर थाप मारली. टायर खुरांसारखे वाकून पाहिले. मग गाडी पुढे चालवून दाखव, मागे चालवून दाखव, चढावर उभी करून दाखव. सगळं झाल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "खोड काय हाय?"

आमच्याकडे बैल विकताना या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. विकणारा बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, खोड नाही. घेणाराही ते ऐकून घेतो आणि दोघंही मनात काय ते समजतात. आबासाहेबांनी चष्मा लावला, पंचनाम्यांचा गठ्ठा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "वाच."

मी वाचायला सुरुवात केली. पंचनामा पहिला, तेल बदलले. दुसरा, प्लग बदलले. तिसरा, पंख्याचा पट्टा. देशमुख पंधराव्यापर्यंत शांत होते. बाविसाव्याला त्यांनी हात वर केला.

"थांबा वकीलसाहेब. हिचं इतक्या बार पोट उघडलं?"

"सत्तेचाळीस वेळा," आबासाहेब अभिमानानं म्हणाले.

देशमुखांनी किसनकडे पाहिलं. किसननं मान हलवली. देशमुख उठले. "आमच्या घरी एक बैल होता, दर दोन मैन्यानं त्याले वैद्य लागे. इतकी दवादारू झालेलं जनावर पुन्हा दावनीले बांधाचं नाही, असं आमच्या बापानं सांगून ठेवलं हाय."

आणि त्यांनी बाजारपेठेतल्या एका शेठची मोटार घेतली. त्या गाडीची कीर्ती अशी, की घेतल्यापासून तिला कोणाचा हातसुद्धा लागला नव्हता.

*

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी आबासाहेबांना घेऊन रिसोडला निघालो होतो. वाटेत एका शेताच्या कडेला देशमुखांची नवी मोटार उभी. देशमुख बांधावर बसलेले, किसन रेडिएटरच्या तोंडाला पाण्याचं भांडं लावून उभा.

आबासाहेब उतरले. दिसत नव्हतं तरी हातानं चाचपून त्यांनी खालचा नट शोधला आणि ढिला केला. आतून तेल पडेना. काकवीसारखं घट्ट काहीतरी हळूहळू लोंबू लागलं. आबासाहेबांनी हाताला लागलेलं ते बोटांनी चोळलं आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "देशमुख, ही गाडी उपाशी आहे हो."

मग धोतर खोचून ते कामाला लागले. सुटं तेल आमच्या गाडीत असायचंच. आतला गाळ काढून धुवायला दोन तास गेले. मी सवयीनं कागद काढला.

देशमुख झटकन माझ्यापाशी आले. "हे काय?"

"पंचनामा."

"कायले? किसन, अन् तुमी बी वकीलसाहेब, दोघं जन तिकडं तोंड करा. तूर पाहा." आम्ही मुकाट्यानं तुरीकडे तोंड केलं. देशमुख समजावणीच्या सुरात म्हणाले, "हिचं पोट उघडलं हे कोनी पाह्यलंच नाही. दोन सालानं मलेबी हे इकाची हाय."

आबासाहेबांनी आयुष्यात केलेली बहुधा सगळ्यात चांगली दुरुस्ती आम्ही दोघा पंचांनी तुरीकडे बघत ऐकली.

*

दुसरं गिऱ्हाईक कोण असावं? गोविंदराव. तेच ते, ज्यांनी भर कोर्टात पुरावा मागितला होता. त्यांनी पंचनाम्यांचा गठ्ठा घरी नेला, दोन दिवस अभ्यास केला आणि तिसऱ्या दिवशी बाररूममध्ये सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला.

"कागद उत्तम. तारखा जुळतात, मैल जुळतात. पण पंच क्रमांक एक महादू. हा तोच ना?"

आणि त्यांनी खिशातून एका जुन्या निकालपत्राची नक्कल काढून वाचली: "'सदर पंच हा चहा मिळाल्यास कोणत्याही कागदावर अंगठा उठवतो, हे आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत शाबीत केले आहे.' आरोपीचे वकील कोण, आबासाहेब?"

सगळे आबासाहेबांकडे बघायला लागले. आबासाहेबांनी नक्कल हातात घेऊन चाचपली. मग म्हणाले, "उलटतपासणी चांगली झाली होती ती."

मी धावत जाऊन पायऱ्यांवरून महादूला बोलावून आणलं. आबासाहेबांनी त्याला समोर उभं केलं. "महादू, चहा नाही, विडी नाही. खरं सांग. माझ्या मोटारीचं तेल बदलताना तू पाहिलंस की नाही?"

महादूनं टोपी काढून हातात धरली. "पाह्यलं साहेब. येक-दोन खेपा झोप लागली, बाकीच्या खेपा पाह्यलं. पन मी खोटा हाव असं तुमीच भर कोर्टात साबीत केलं. आता मी हाव म्हनलं तं कोनाले खरं वाटंन?"

गोविंदराव हसले नाहीत. त्यांनी गठ्ठा आबासाहेबांपुढे सरकवला आणि म्हणाले, "मला वैयक्तिक खात्री आहे, आबा. पण पुराव्यावर घेता येत नाही." हे वाक्य आबासाहेब स्वतः अशिलांना रोज ऐकवायचे.

*

आता मी आरोपी असलेला किस्सा. होळी जवळ आली होती. दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून नाइलाजानं बोलावलेला अकोल्याचा शेठ येऊन गाडी पाहून गेला. माणूस वाईट नव्हता. गाडी सुरू केली, कान देऊन आवाज ऐकला आणि स्वतः म्हणाला की आवाज बरा आहे. मग विचारलं, "सर्व्हिसिंग कुठल्या वर्कशॉपात?"

"मी स्वतः करतो," आबासाहेब म्हणाले.

"पावत्या?"

"माझ्या कामाची मीच मला पावती कशी देणार?"

"मग साहेब, काम झालंच नाही. कुठल्याही वर्कशॉपाच्या दहा-बारा पावत्या असत्या, तर मी हीच गाडी चालती म्हणून हिंगोलीला विकायला उभी केली असती. नाहीतर मला ती फोडावीच लागेल. सोमवारी माणसं घेऊन येतो."

ते ऐकून माझं डोकं फिरलं. काम खरं, तारखा खऱ्या, मुद्देमाल डब्यात पडलेला. नुसता शिक्का नाही म्हणून गाडी फोडायची? मी गावातल्या छापखान्यात गेलो. एका नसलेल्या मोटार दुरुस्ती कारखान्याच्या बारा पावत्या छापून घेतल्या. रबरी शिक्का करवला. पंचनाम्यांतल्या तारखा, कामं, सगळं जसंच्या तसं उतरवलं. तीन प्रकारची शाई वापरली. कागद चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवले, म्हणजे जुने दिसावेत. वकिलीत मी इतकी मेहनत कधी केली नव्हती.

शनिवारी सकाळी त्या पावत्या आबासाहेबांसमोर ठेवल्या. त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक पावती डोळ्याजवळ धरून वाचली. बाराही.

"शाई बरी वाळवलीस," ते म्हणाले. "पण पहिल्या पावतीची घडी आणि शेवटच्या पावतीची घडी एकाच हाताची आहे. समोरच्या बाजूनं हे हजर केलं असतं तर मी दहा मिनिटांत उडवलं असतं."

मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

"यातलं सगळं खरं आहे, नाही का? तारीखसुद्धा?"

"हो."

"आणि हे दाखवलं की गाडी वाचते."

"हो, आबासाहेब."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. बराच वेळ पावत्यांवर हात ठेवून बसले. त्यांना मोह झाला होता, हे मला दिसत होतं, आणि तो मोह मी आणून त्यांच्यासमोर ठेवला होता. मग त्यांनी काड्यापेटी माझ्या हातात दिली. परसात नेऊन मी ते कागद जाळले. नंतरच्या आयुष्यात पुष्कळ दावे हरलो, पण त्या सकाळीइतकी लाज मला कधी वाटली नाही.

*

रविवारी सकाळी सीताराम माळी आला. गावाला लागून त्याचा विहिरीवरचा मळा होता, वांगी, मिरच्या, आणि आमच्याकडे जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर. आसेगावच्या आणि मंगरुळच्या बाजारात माल नेईपर्यंत बैलगाडीत पालेभाजीचा पाला होतो, म्हणून त्याला मोटार हवी होती. मागची गादी काढून टोपल्या ठेवायच्या होत्या. त्याचा जावई सर्व्हिस मोटार चालवायचा, तेव्हा चालवणारा घरचा होता. मोटारीतलं त्याला स्वतःला काही कळत नव्हतं, आणि ते त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं.

आबासाहेबांना सोमवार दिसत होता. त्यांनी घाईघाईनं मुद्देमालाचे डबे मागवले, पंचनाम्यांचा गठ्ठा सोडायला लावला. सीतारामनं गठ्ठ्याची सुतळी पुन्हा बांधून दिली.

"हे राहू द्या साहेब. मले वाचता येत नाही, अन् वाचनाऱ्यावर माहा भरवसा नाही. गाडी उभी कुठं राह्यते?"

मी त्याला परसातल्या पत्र्याच्या छपराखाली नेलं. छप्पर तीन बाजूंनी उघडं. आम्ही दोघांनी गाडी ढकलून बाहेर काढली. सीताराम उकिडवा बसला आणि गाडी उभी असायची ती जमीन पाहू लागला. तिथे हराळी माजली होती, गवत चांगलं हिरवं. त्यानं थोडी उपटली, मुळाला वास घेतला, टाकून दिली.

"अन् तेल काढता कुठं?"

"निंबाखाली," आबासाहेब पायरीवरून म्हणाले. आवाजाच्या अंदाजानं तेही आमच्या मागे आले.

निंबाखाली चहूकडून हराळी आली होती आणि एका जागेशी येऊन थांबली होती. परातीएवढी जागा, बोडकी. सीतारामनं टोपलीतलं खुरपं काढलं आणि खणायला लागला. चार बोटं खाली गेला, माती काळी. वीतभर खाली गेला, तरी काळी. त्यानं ढेकूळ फोडून वास घेतला आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिला. त्याचं काय चाललंय, हे मला कळेना.

"वकीलसाहेब," शेवटी तो म्हणाला, "हराळी माराले मी बारा सालापासून खपून राह्यलो. उनायात उकरली. जाळली. धुऱ्याबांधावर फेकली, तं धुऱ्यावर उगवली. माह्या बापाले मारता आली नाही, मले नाही. अन् इथं मेली." त्यानं खुरप्यानं बोडकी जागा दाखवली. "हे एका दिवसात मरत नाही. कोनीतरी सालोसाल नेम धरून, एकाच जागी बसून मारली हाय. अन् तिथं गाडीखाली हिरवीगार हाय. म्हंजे गाडी गळत नाही. घेतो मी."

आबासाहेबांनी मला हळूच विचारलं, "खरंच नाही तिथं हराळी?" मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि हात खड्ड्यात नेला. त्यांनी माती बोटांनी चोळली, जशी त्या दिवशी देशमुखांच्या गाडीतली घाण चोळली होती. मोतीबिंदूमुळे त्यांच्या डोळ्यांना तसंही पाणी असायचं, त्यामुळे त्याबद्दल मी खात्रीनं काही सांगू शकत नाही.

विक्रीचा कागद ओसरीवर बसून मी लिहिला. सीतारामनं अंगठा लावला, आबासाहेबांनी चाचपत सही केली. काकूंनी चहा आणला. सोमवारी येणाऱ्या शेठला येऊ नका म्हणून निरोप गेला. आता काही राहिलं नव्हतं, पण आबासाहेबांनी आणखी एक कोरा कागद मागितला, स्वतःच्या हातात पेन घेतलं आणि ओळी वरखाली होत असतानाही लिहायला लागले: 'आज रोजी आमच्या समक्ष निंबाखालील जमीन उकरली असता...'

सीतारामनं मला विचारलं, "काय लेहून राह्यले?"

"पंचनामा. तू जमिनीवरून कसं ओळखलंस त्याचा."

सीतारामनं कपबशी खाली ठेवली आणि आपला मातीचा हात त्या कागदावर ठेवला.

"हे नोका लेहू, साहेब. लोकाइले समजलं, तं मोटर इकनारा जो तो आंगनात तेल वतून ठेवीन."

आबासाहेबांचा हात तसाच थांबला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.